टोकन देण्याआधी भिंतीवर टिचकी मारा

प्रश्न : कोथरूडमधला तिसऱ्या मजल्यावरचा एक टू बीएचके रिसेल फ्लॅट आम्हाला पसंत पडला आहे. इमारत १९९७ ची, चार मजली. मालक निवृत्त गृहस्थ आहेत, मुलाकडे बंगळुरूला कायमचे चालले आहेत. किंमत ९० लाखांवर आली आहे. घराला नुकताच रंग दिलाय, हॉलला पीओपीचं आणि दोन्ही बाथरूमला पीव्हीसीचं छान सीलिंग आहे. एजंट म्हणतो, रविवारपर्यंत दोन लाख टोकन द्या, दुसरी पार्टी तयारच आहे. न्यू जर्सीतला माझा भाऊ म्हणतो, होम इन्स्पेक्शन केल्याशिवाय एक रुपया देऊ नकोस. हे एजंटला सांगितलं तर तो हसला. म्हणाला, "मॅडम, इथे असलं कुणी करत नाही." सासऱ्यांचं म्हणणं, बँकेचा माणूस घर बघून जाणारच आहे, मग वेगळे पैसे कशाला? आणि मालक इतके सज्जन आहेत की त्यांच्या घरात तपासनीस घेऊन जायचा मलाच संकोच वाटतो. खरंच गरज आहे का? – स., धायरी

उत्तर : गरज आहे, आणि तीही रविवारच्या आत. टोकन दिल्यानंतर केलेल्या तपासणीचा उपयोग मनस्ताप वाढवण्यापलीकडे फारसा होत नाही.

एजंटचं वाक्य खोटं नाही. रिसेल घराची तपासणी आपल्याकडे अजून थोडेच लोक करतात. तुमच्या भावाच्या अमेरिकेत खरेदीदार बहुतेक वेळा ऑफरमध्येच अट घालतो, की तपासणीत काही मोठं निघालं तर मी माघार घेईन आणि माझे पैसे परत मिळतील. तिथल्या घर तपासनीसांची मोठी संघटना १९७६ पासून आहे, अनेक राज्यांत त्यांना परवाना लागतो. आपल्याकडे तसा परवानाही नाही आणि ती सवयही नाही. त्यामुळे एजंट हसला यात नवल नाही. पण 'दुसरी पार्टी' ही पुण्यातल्या प्रत्येक रिसेल फ्लॅटच्या दाराबाहेर कायम उभीच असते, तेव्हा तिची धास्ती घेऊ नका.

आधी सासऱ्यांच्या मुद्द्याकडे येते, कारण हा गैरसमज सर्वांत जास्त पसरलेला आहे आणि सर्वांत महागात पडणाराही तोच आहे. बँकेचा व्हॅल्युअर येतो, अर्धा-पाऊण तास फिरतो, मोजमाप घेतो, फोटो काढतो. त्याला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं असतं : उद्या या कर्जदाराने हप्ते थकवले तर हे घर विकून बँकेचे पैसे सुटतील का? कोथरूडमध्ये त्याचं उत्तर जवळजवळ नेहमी 'हो' असतं. बाथरूमच्या सीलिंगमागे काय आहे, अर्थिंग जोडलेलं आहे की नाही, हे बघायला त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. त्याचे पैसे तुमच्या खिशातून जात असले तरी काम तो बँकेचं करतो, आणि त्याचा अहवाल सहसा तुमच्या हाती येतही नाही. "बँकेने लोन दिलं म्हणजे घर चांगलंच असणार" या विधानातला पूर्वार्ध खरा असला तरी त्यातून उत्तरार्ध निघत नाही.

या सगळ्या व्यवहारात कोण कुणाचा आहे, ते एकदा नीट बघा. एजंटला दलाली व्यवहार झाला तरच मिळते. मालकांना घर विकायचं आहे. बँकेला कर्ज द्यायचं आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींना नव्या सभासदाचे ट्रान्स्फरचे पैसे हवे आहेत. यातला कुणीही वाईट नाही, पण व्यवहार फिसकटला तरी ज्याचं काहीच बिघडत नाही असा एकही माणूस यात नाही. तपासनीस तो असतो. घर घ्या किंवा सोडा, त्याची फी तीच राहते. म्हणूनच तो एजंटने सुचवलेला नसावा.

आता संकोचाचं. वास्तुशास्त्रवाला कंपास घेऊन घरभर फिरतो, संडास ईशान्येला आहे म्हणून मान हलवतो, तेव्हा कुठल्याही मालकाला अपमान वाटत नाही. उलट चहा होतो. मग भिंतीतली ओल मोजणारा मॉइश्चर मीटर घेऊन आलेल्या इंजिनिअरचाच संकोच का वाटावा? मालकांना सरळ सांगा, "काका, आयुष्यातली सगळ्यात मोठी खरेदी आहे, एकदा इंजिनिअरला दाखवून घेतो." ज्याच्या घरात लपवण्यासारखं काही नाही, तो माणूस यावर रागावत नाही. कुणी फारच आढेवेढे घ्यायला लागला, तर तपासणीचा पहिला निष्कर्ष तुम्हाला फुकटात मिळाला असं समजा.

सज्जनपणावरून कायद्याची एक गोष्ट सांगते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, विकणाऱ्याला माहीत असलेला मोठा दोष त्याने खरेदीदाराला सांगितलाच पाहिजे. पण तो दोष असा हवा, की जो खरेदीदाराला नेहमीची काळजी घेऊनही सापडला नसता. म्हणजे जे डोळ्यांनी दिसत होतं, त्याची जबाबदारी तुमची. शिवाय मालकांना स्वतःलाच माहीत नसेल तर ते सांगणार तरी काय? वीस-पंचवीस वर्षं त्याच घरात राहणाऱ्याला कोपऱ्यातला ओलीचा डाग दिसेनासा होतो.

तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टींवर माझं लक्ष अडकलं आहे : नुकताच दिलेला रंग, आणि बाथरूमचं पीव्हीसी सीलिंग.

विकण्याआधी रंग देणं यात गैर काही नाही, सगळेच देतात. पण रंगाच्या आधी पुट्टी कुठे भरली हे कळायला हवं. तुम्ही स्वतःही हे करू शकता. दिवस कलल्यावर जा, दिवे घालवा, मोठा टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा धरा. समोरून गुळगुळीत वाटणाऱ्या भिंतीवर मग उंचवटे, खड्डे, पॅच दिसायला लागतात. सगळी भिंत सपाट आणि बाथरूमला लागून असलेल्या भागात, जमिनीपासून दीड-दोन फुटांपर्यंतच भलतीच जाड पुट्टी असेल, तर तिथे पोपडे निघत होते असं धरून चाला. लोणा लागलेल्या भिंतीवर रंग देऊन ओल जात नाही. फार तर एखाददुसरा पावसाळा निघतो, मग रंग फुगतो, बोटाने दाबला की भुगा होऊन पडतो. तपासनीस अशा ठिकाणी मीटर लावतो आणि त्याच घरातल्या कोरड्या भिंतीशी आकडा ताडून बघतो. काहीजण थर्मल कॅमेराही आणतात. तो भिंतीच्या आतलं पाणी दाखवतो असं समजू नका. तो फक्त तापमानातला फरक दाखवतो. ओला भाग थोडा गार असतो म्हणून तो उठून दिसतो, आणि मग मीटरने खात्री करावी लागते. नुसते रंगीत फोटो अहवालाला जोडणारा तपासनीस असला तर फोटो छान येतात, एवढंच.

आणि आता बाथरूम. नव्वदच्या दशकातल्या पुण्यातल्या बहुतेक इमारतींत बाथरूमचा स्लॅब आजूबाजूच्या स्लॅबपेक्षा खाली घेतलेला असतो. त्याला सन्क स्लॅब म्हणतात. त्या खोलगट भागात पाइप टाकायचे, विटांचे तुकडे आणि कोबा भरायचा, त्यावर फरशी लावायची. वरून वॉटरप्रूफिंग निकामी झालं की पाणी त्या भरावात मुरतं आणि साचून राहतं. त्याचा परिणाम ज्याच्या बाथरूममधून पाणी मुरतं त्याला दिसत नाही, खालच्याला दिसतो. तुमच्या डोक्यावर जे सुंदर पीव्हीसीचं सीलिंग आहे, त्याच्या वर चौथ्या मजल्याच्या सन्क स्लॅबचा तळ आहे. ते सीलिंग हौसेने लावलं असेल. ठिबकणारं पाणी दिसू नये म्हणूनही लावलं असेल. त्याची एखादी पट्टी काढून, टॉर्च वर मारून बघितल्याशिवाय हे कळणार नाही. पांढऱ्या खाराचे ओघळ, काँक्रीटवर तांबूस डाग, एखादी उघडी पडलेली सळई, पाइपच्या भोवतीने काळी बुरशी, हे सगळं तिथे दिसतं. स्लॅब कोरडा खडखडीत असेल तर उत्तमच. पट्टी परत बसवायला काही मिनिटं लागतात.

हे फक्त वरचं झालं. तुमच्या बाथरूमचं पाणी दुसऱ्या मजल्यावर पडत असेल, तर ते भांडणही घराबरोबर तुमच्या नावावर होणार. म्हणून दुसऱ्या मजल्याची बेल वाजवा. "आम्ही वरचं घर बघतोय, तुमच्या बाथरूमच्या छताला काही गळतंय का?" एवढंच विचारा. ज्याच्या डोक्यावर वर्षानुवर्षं पाणी ठिबकतंय तो तुम्हाला आत बोलावून, स्टूल देऊन, तारीखवार माहिती देईल. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे कारभाराच्या नमुना नियमांप्रमाणे, पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपची गळती सोसायटीने काढायची असते. पण टॉयलेट, सिंक अशा आतल्या गळतीचा खर्च संबंधित फ्लॅटवाल्यांनी आपसात सोसायचा असतो. हा 'आपसात' शब्द लिहायला सोपा आहे. त्यावरून बोलणं बंद झालेले शेजारी मी कितीतरी पाहिले आहेत.

तुम्ही घर बघताय ते भर उन्हाळ्यात असेल, तर भिंती एरवीही कोरड्याच मिळणार. म्हणून तपासनीसाला पाणी साठवून बघायला सांगा. पाणी वाहून जातं त्या न्हाणी ट्रॅपचं तोंड बंद करायचं, बाथरूममध्ये दोनेक इंच पाणी भरायचं, चोवीस तास ठेवायचं, आणि खालच्या घरातलं छत बघायचं. मालकांची परवानगी आणि खालच्यांचं सहकार्य लागतं, पण यासारखी खात्रीची चाचणी दुसरी नाही. जाता जाता फरशीचा ढाळही कळतो. नळ बंद केल्यावर पाणी ट्रॅपकडे जातंय की दाराकडे, हे बघायला इंजिनिअरसुद्धा लागत नाही. आणि जमिनीवरच्या टाइल्सवर नाण्याने टिचकी मारत चला : भरीव टाइल 'टक' म्हणते, खाली पोकळ असलेली 'डब' म्हणते. एखाददुसरी पोकळ असेल तर सोडून द्या, ओळीने निघाल्या तर लिहून ठेवा.

घराच्या आत इतकं बघून झाल्यावर खाली पार्किंगमध्ये या. इमारतीची तब्येत तिथे कळते, कारण तिथले कॉलम आणि बीम कुणी सजवलेले नसतात. कॉलमला उभी भेग आणि तिच्या कडेने गंजाचा डाग असेल, तर आतली सळई गंजते आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि आतून काँक्रीट फोडतो, ते प्लास्टर लावून थांबत नाही. उलट आतल्या खोल्यांत, बीम आणि विटांची भिंत जिथे मिळतात तिथली केसासारखी आडवी चीर बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. घाबरायचं कशाला आणि सोडून काय द्यायचं, हा फरक करण्यासाठीच तर पैसे द्यायचे. मागच्या कुणी हॉल मोठा करायला भिंत काढली आहे का, बाल्कनी आत घेतली आहे का, हेही मंजूर नकाशा हातात धरून ताडून बघायला सांगा. भिंत काढताना बीमला हात लावलेला असला तर तो विषय तुमच्या एकट्याच्या फ्लॅटपुरता राहत नाही.

इमारत १९९७ ची आहे. त्याच उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) पाच वर्षांतून एकदा, आणि ३० वर्षांनंतर तीन वर्षांतून एकदा करायचं असतं. सोसायटीकडे शेवटचा ऑडिट रिपोर्ट मागा. "तसं काही केलं नाही हो, आमची बिल्डिंग एकदम मजबूत आहे" असं उत्तर आलं, तर येत्या काही वर्षांत ऑडिट, दुरुस्ती, गच्चीचं वॉटरप्रूफिंग असा खर्च सगळ्यांच्या माथी येणार हे धरून चाला. रिपोर्ट असेल तर तो तुमच्या तपासनीसाला वाचायला द्या. फ्लॅटची तपासणी म्हणजे इमारतीचं ऑडिट नव्हे, हेही लक्षात ठेवा. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक, काँक्रीटचा कोअर काढणं अशा काँक्रीटच्या चाचण्या ऑडिटमध्ये येतात, आणि ते एका फ्लॅटच्या खरेदीदाराने करायचं काम नाही.

इथे एजंट नक्की एक पत्ता टाकेल : "बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जाणारच आहे, तपासून काय करायचंय?" कोथरूडमध्ये हे खरंही असू शकतं. पण मग सर्वसाधारण सभेचा ठराव दाखवा म्हणा. ठराव असला तरी विकसक नेमणं, करारनामा, परवानग्या यात वर्षं जातात, आणि ती वर्षं तुम्ही याच बाथरूमखाली आंघोळ करणार आहात.

विजेचं थोडक्यात. या वयाच्या घरात एसी, गीझर, इंडक्शन नंतर आलेले असतात आणि वायरिंग जुनंच असतं. आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवलेला आहे का, त्याचं टेस्ट बटण दाबल्यावर तो खटकन पडतो का, प्रत्येक सॉकेटला अर्थिंग खरोखर येतंय का, आणि महावितरणच्या बिलावरचा मंजूर भार किती आहे, एवढं तपासून घ्या. सॉकेटला तिसरं भोक असतं पण त्यामागे वायरच नसते, असं जुन्या घरांत सर्रास आढळतं. घरात लहान मूल असेल तर हा मुद्दा ओलीच्याही वर ठेवा.

माणूस कसा निवडायचा? परवाना नसल्यामुळे कुणीही पाटी लावू शकतो. सिव्हिलची पदवी आहे का, शक्यतो महापालिकेचा परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे का, हे विचारा. आधी केलेल्या एखाद्या घराचा अहवाल, नाव-पत्ता झाकून, दाखवायला सांगा. त्यात "वेस्ट वॉल डॅम्प" एवढंच लिहिलेलं असेल तर दुसरा बघा. कुठे, किती, बहुधा कशामुळे आणि दुरुस्तीला अंदाजे काय खर्च, हे असायला हवं. आणि वॉटरप्रूफिंगचं कंत्राट घेणाऱ्याला 'मोफत तपासणी'साठी बोलावू नका. त्याला ओल सापडतेच.

फी शहर आणि क्षेत्रफळाप्रमाणे बदलते, पण टू बीएचकेसाठी हजारांत असते. तुमच्या व्यवहारात ९० लाखांवर नुसतं मुद्रांक शुल्क ७ टक्क्यांनी ६ लाख ३० हजार होतं, नोंदणी फी ३० हजार, आणि एक टक्का दलाली धरली तरी ९० हजार. या यादीतली सर्वांत छोटी रक्कम तपासणीची आहे, आणि भाव कमी करून घ्यायला उपयोगी पडणारी तेवढी एकच. अहवालात बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगला, वायरिंगला आकडा लावलेला असला की बोलणी "अजून थोडं कमी करा ना" या पातळीवर राहत नाहीत. कागद समोर ठेवता येतो. मालकांना दुरुस्ती करून द्यायची की किमतीतून वजा करायची, हे त्यांना ठरवू द्या. माझं मत विचाराल तर वजा करून घ्या. घर सोडून चाललेला माणूस दुरुस्ती घाईत आणि स्वस्तात करतो.

मालकी हक्क, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचं कन्व्हेअन्स (जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर होणं), आधीचं कर्ज फिटलंय का, हे तपासनीसाच्या कामात येत नाही. त्याला वकीलच लागतो. एकाच्या नावाखाली दुसरं वाचवू नका.

नवा फ्लॅट घेणारे वाचक इथवर येऊन "आम्हाला काय त्याचं" म्हणत असतील, तर त्यांच्यासाठी दोन ओळी. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला, दर्जातला किंवा सेवांमधला दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. पण दाखवून द्यायचा म्हणजे आधी सापडायला हवा. ताबा घेतानाच तपासणी करून यादी लेखी द्या. इंटिरिअरवाल्याने ड्रिल मारायला सुरुवात केली, की नंतरच्या प्रत्येक भेगेला बिल्डर त्याच्याकडे बोट दाखवतो.

आता तुमच्या रविवारचं. तपासनीस शनिवारी मिळाला तर प्रश्नच मिटला. नाही मिळाला आणि घर हातचं जाईल अशी खरीच भीती वाटत असेल, तर दोन लाख देऊ नका; अकरा किंवा एकवीस हजार द्या, चेकने, मालकांच्या नावाने. पावतीवर मालकांच्या सहीने लिहून घ्या : "खरेदीदार दहा दिवसांत सदनिकेची तांत्रिक तपासणी करून घेतील. अहवाल असमाधानकारक वाटल्यास व्यवहार रद्द करून सदर रक्कम कोणतीही कपात न करता सात दिवसांत परत केली जाईल." मजकूर वकिलाला एकदा दाखवा. एजंट म्हणेल, असं कुणी लिहून देत नाही. त्याला म्हणा, काकांना विचारून बघू.

तपासणीच्या दिवशी सासऱ्यांना जरूर बरोबर न्या. चार घरं बघितलेला माणूस इंजिनिअरला प्रश्न फार चांगले विचारतो, आणि दुसऱ्या मजल्याची बेल वाजवायचं काम तर त्यांनाच द्या. ज्येष्ठ माणसाला लोक दारातून परत पाठवत नाहीत.